दांडीची मुले आणि बोईसरचा रस्ता

पालघर तालुक्याच्या पश्चिम कडेवर, तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या दक्षिणेस, उच्छेळी आणि नवापूर यांच्या शेजारी खाडीच्या काठाने वसलेले दांडी हे मच्छीमारांचे गाव असून, पूर्वेस काही मैलांवरचे बोईसर हे त्याचे बाजाराचे, दवाखान्याचे, आगगाडीचे आणि मुलांच्या पुढल्या शिक्षणाचे ठिकाण आहे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात सुकत्या बोंबलांचा वास असतो आणि बोईसरकडून येणाऱ्या वाऱ्यात कारखान्यांचा. या दोन वासांच्या मधल्या रस्त्यावरून सकाळी पाठीला दप्तर लावून सायकलने जी मुले निघतात, त्यांच्या जीविताची काळजी वाहण्याचे काम नेमके कोणाच्या शिरावर आहे, हा या लेखाचा विषय आहे.

या मुलखातील रस्ते मुळात पावलांचे आणि बैलगाड्यांचे. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर जो मोर्चा गेला आणि ज्याच्यावर झालेल्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य प्राप्त झाले, त्या पाच जणांची गावे सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर अशी आहेत. म्हणजे याच किनारपट्टीतली माणसे याच वाटांनी तालुक्याच्या ठाण्याकडे चालत गेली होती. पुढे 1969 साली अणुविद्युत केंद्र सुरू झाले, त्यामागोमाग बोईसरच्या पश्चिमेस औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत वाढली, रसायनांचे, पोलादाचे आणि कापडाचे कारखाने उभे राहिले, आणि ज्या वाटा माणसांच्या पायांनी पडल्या होत्या त्यांवर डांबर चढून त्या आम्लाचे टँकर, पोलादी गुंडाळ्या वाहणारे ट्रेलर आणि कामगारांच्या बसगाड्या यांच्या स्वाधीन झाल्या. या परिवर्तनाने या भागाला रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाट रुंद करताना, तिच्यावरून पूर्वापार जे जात होते त्यांच्यासाठी काही राखून ठेवावे, असा विचार त्या वेळी कोणी केल्याचे रस्त्याकडे पाहून तरी दिसत नाही.

मूल सायकलवर येते ते बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी, आणि यामागे केवळ हौस नसून शासनाच्या नियमांतले अंतर आहे. शिक्षणहक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत; त्यापुढच्या वर्गांना अशी मर्यादाच नाही. म्हणजे मूल पाड्यातल्या, आळीतल्या शाळेतून बाहेर पडते आणि त्याच वर्षी त्याची वाट गावाची वेस ओलांडून मोठ्या रस्त्याला लागते. एस.टी.ची गाडी आहे, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पासही आहे. पण गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळली नाही, की वडाप रिक्षात कोंबून जाणे, चालणे किंवा सायकल, एवढेच पर्याय उरतात. त्यांपैकी सायकल हा स्वस्त, निरोगी आणि मुलाला स्वतःच्या पायावर उभे करणारा पर्याय आहे, आणि तो त्याच्याकडून काढून घेणे हा या प्रश्नाचा तोडगा होऊ शकत नाही, हे मला आरंभीच स्पष्ट करावेसे वाटते.

कारण भीतीपोटी सायकल काढून घेतली गेली, तर पहिला फटका मुलींना बसतो. बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दाखवून दिले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. 2022 मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. पाच हजारांत सायकल येते. शिरस्त्राण आणि दिवा त्यातच बसवायचा म्हटले, तर हिशेब जुळत नाही.

सकाळचे सात वाजण्याची वेळ या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. औद्योगिक वसाहतीत सात, तीन आणि अकरा या पाळ्या सुटण्या-भरण्याच्या वेळा मानल्या जातात, आणि सकाळच्या सत्रातल्या शाळाही सातच्याच सुमारास भरतात. त्यामुळे रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी घरी परतणारा मोटारसायकलवाला, पहिल्या पाळीचा पंच चुकू नये म्हणून धावणारी बस आणि प्रार्थनेला उशीर होऊ नये म्हणून जोराने पायडल मारणारे मूल हे तिघेही एकाच अर्ध्या तासात एकाच नाक्यावर येऊन मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून; पण सायकलवर येणारे मूल पाचवीच्या पुढचे असते, आणि त्याला त्या निर्णयाचा लाभ नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या आत निघालेले मूल धुक्यात आणि अर्धवट अंधारात असते, तर दुपारच्या सत्रातले मूल परत येते तेव्हा सूर्य समुद्राच्या टेकाला लागलेला असून, पश्चिमेकडे तोंड करून गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत असते. त्या तिरिपेत काळ्या सायकलवरची गडद गणवेशातली आकृती दिसणे किती कठीण, ते ज्याने त्या वेळी मोटार चालवली असेल त्यालाच ठाऊक.

आता ट्रेलरची गोष्ट. लांब मालमोटार डावीकडे वळते तेव्हा तिची मागली चाके पुढल्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या अंगाने कापत येतात. चालक उजव्या बाजूस उंचावर बसलेला असतो आणि त्याच्या डाव्या दाराखालचा व नाकासमोरचा काही हातांचा टापू त्याला आरशातूनही नीट दिसत नाही. नवापूर नाक्यासारख्या ठिकाणी मूल येते आणि आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे त्याप्रमाणे डावी बाजू धरून, थांबलेल्या ट्रेलरच्या डाव्या कुशीत शिरून उभे राहते. शिस्तीने वागलेले मूल अशा रीतीने नेमके त्या एकमेव जागी जाऊन थांबते, जिथे त्याने थांबता कामा नये. कुशीच्या बाजूने चाकांखाली कोणी ओढले जाऊ नये म्हणून मालमोटारींना आडव्या संरक्षक पट्ट्या लावण्याची तरतूद आपल्या मोटारवाहन नियमांत आहे. त्या पट्ट्या वाकलेल्या, निखळलेल्या किंवा मुळातच नसलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, हे पाहायला फार वेळ उभे राहावे लागत नाही.

मुलाला रहदारीचे नियम शिकवावेत, यात दुमत नाही. आपल्या शाळांतून रस्ता सुरक्षा दलाची मुले छातीवर पट्टा लावून उभी राहत आली, नाशिकमध्ये ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेने मुलांसाठी वाहतूक शिक्षण उद्यान उभारले, ही सारी कामे स्तुत्य आहेत. परंतु शिकवण्यालाही बालशरीराची एक मर्यादा असते. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी 1968 च्या सुमारास मुलांच्या रहदारीतील वर्तनाचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध करून सांगितले, की लहान मूल रहदारीच्या मापाचे करता येत नाही, रहदारीच मुलाच्या मापाची करावी लागते. पुढे 2011 मध्ये लंडन विद्यापीठातील रॉयल हॉलोवे महाविद्यालयाच्या संशोधकांनी असे दाखवले, की प्राथमिक शाळेतल्या वयाच्या मुलांना ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे हे विश्वसनीयपणे ओळखता येत नाही. त्या वेगाच्या पुढे गाडी मोठी होत आहे ही जाणीवच त्यांच्या दृष्टीला होत नाही. आपण मुलाला ‘नीट बघून रस्ता ओलांड’ असे बजावतो. पण ताशी साठच्या वेगाने येणारा टेम्पो त्याने नीट पाहिला तरी त्याला तो उभाच वाटू शकतो.

वेगाचे गणित निष्ठुर आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, की तेवढे अंतर गाडी तशीच पुढे गेलेली असते, आणि खरे थांबणे त्यानंतर सुरू होते. वेग निम्मा केला तर आघाताची ऊर्जा एक चतुर्थांश होते. म्हणून जगभरच्या अनुभवावरून शाळा आणि वस्ती यांच्या परिसरात ताशी 30 ची मर्यादा योग्य मानली जाते. आपल्या भारतीय रस्ता महासभेनेही गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे: 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाईदार, असा की ताशी 25 च्या वेगाने गाडी त्यावरून सुखरूप जावी. या मापाचा गतिरोधक कोणाच्या कमरेत उसण भरवत नाही. आपल्याकडे मात्र अपघात झाला की संतप्त गावकरी रातोरात मुरुमाचा उंचवटा टाकतात, पुढच्या डांबरीकरणात तो नाहीसा होतो, आणि तोपर्यंत त्याच उंचवट्यावर आपटून सायकलवाली दोन मुले पडलेली असतात.

रस्त्याच्या कडेविषयीही थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मूल चालते ते तिथे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर पडतो, त्याने रस्ता उंच होतो. साइडपट्टी मात्र तशीच राहते, पावसाने आणखी खाली जाते. मग डांबराची कड आणि माती यांच्यात चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मागून भोंगा वाजला की मूल सायकल साइडपट्टीवर उतरवते. पुन्हा वर यायला जाते तेव्हा पुढले चाक त्या कडेला घासत राहते, वर चढत नाही, हँडल वाकडे होते आणि मूल पडते ते रस्त्याच्या बाजूला. कारखान्यांच्या रस्त्यांवर याच कडेला मालमोटारींच्या रांगा उभ्या असतात, तेव्हा सायकलला मध्यावर येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पांढरा पट्टा मारून एक-दीड मीटरची कड सायकलीसाठी राखणे, ती डांबराच्या पातळीला आणणे आणि तिच्यावर गाड्या उभ्या राहू न देणे, यासाठी पूल बांधावा लागत नाही. सायकल-मार्गांच्या रचनेविषयी रस्ता महासभेची शिफारस पहिल्यांदा 1962 साली निघाली. साठ वर्षांहून अधिक काळ ती दप्तरी आहे.

दांडीच्या एका घराच्या ओट्यावर टेकवून ठेवलेली सायकल मी जवळून पाहिली. मुलगा सहावीतला, सायकल दहावीपर्यंत पुरावी या हिशेबाने घेतलेली, त्यामुळे बैठक पार खाली करूनही त्याचे पाऊल जमिनीला पुरते टेकत नव्हते आणि ब्रेकचा दांडा त्याच्या मुठीच्या आवाक्याबाहेर होता. तो धरायचा तर त्याला हँडलवरची पकड सोडून बोटे पुढे न्यावी लागत. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकची तार वेष्टणाच्या आत गंजली होती, म्हणून दांडा दाबला की रबर रिमला चिकटून तिथेच राही, आणि ते सोडवण्यासाठी मुलाने पायाने ढकलण्याची युक्ती शोधली होती. मागचा लाल परावर्तक फुटून त्याची नुसती चौकट उरली होती. आईचा जीव मुलाच्या डब्यात होता, वडील खोल समुद्रात होते, आणि सायकलकडे ‘चालते ना’ यापलीकडे पाहण्याची कोणालाच सवड मिळाली नव्हती. समुद्रावर जाण्यापूर्वी होडीची फळी अन् फळी तपासणारा समाज हा. त्याला यंत्राची निगा कोणी शिकवावी असे नाही. केवळ सायकल ही निगा राखण्याजोगी वस्तू आहे, असे कोणी त्याच्या मनावर बिंबवलेले नाही. समुद्रकाठी तारेला आणि साखळीला महिन्यातून एकदा तेल हवे. पावसाळ्यात ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड फारच कमी होते, तेव्हा उतारावर आधीपासून हलका ब्रेक धरावा. आणि बैठकीवर बसल्या जागी दोन्ही पावलांचे चवडे जमिनीला लागतील एवढीच सायकल मुलाला द्यावी, मग ती दोन वर्षांनी बदलावी लागली तरी चालेल.

कायद्याच्या दप्तरात या मुलाचा शोध घेतला, तर तो जवळजवळ सापडतच नाही. शाळेच्या बसने येणाऱ्या मुलासाठी महाराष्ट्राने 2011 साली स्वतंत्र नियम केले. बसचा रंग, वेगनियंत्रक, मदतनीस, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, अशी तपशीलवार तजवीज त्यात आहे. जे मूल फी भरून बसमध्ये बसते त्याच्यासाठी समिती आहे. जे स्वतःच्या पायांनी सायकल रेटत येते ते मात्र शाळेच्या फाटकाच्या बाहेर कोणाच्याच अखत्यारीत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटारवाहन कायद्यात पादचारी आणि बिगरयांत्रिक वाहने यांच्यासाठी राज्यांना नियम करता यावेत असे कलम आले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना बजावले. त्याच दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड ठरवला आहे; सायकल धोक्याची म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला स्कूटर घेऊन देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती. या प्रत्येक मृत्यूमागे एक पंचनामा असतो, आणि त्यांत ‘अचानक आडवा आला’ हे शब्द किती सहजपणे उतरतात ते न्यायालयात वावरणारे वकील जाणतात. नेदरलँड्सच्या कायद्यात चौदा वर्षांखालील मूल मोटारीखाली आले तर भरपाईचे दायित्व मोटारवाल्यावर येते. मुलाने चूक केली होती, ही सबब तिथे सहसा चालत नाही. तो देश जन्मजात सायकलींचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. 1971 साली तिथे सुमारे 3,300 माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एका पत्रकाराने आपली मुलगी गमावली, त्याने ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली लेख लिहिला, त्या मथळ्याच्याच नावाने चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, आणि पुढल्या काही दशकांत त्या देशाने आपले रस्ते पुन्हा आखले. तिथल्या प्राथमिक शाळेतली मुले आज रहदारीची परीक्षा सायकलवर बसून देतात. ती परीक्षा अर्थपूर्ण होते, कारण ज्या रस्त्यावर ती द्यायची तो रस्ता आधी सुधारलेला असतो.

आपल्याकडे हा विचार निकडीचा व्हावा असे आणखी एक कारण आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 76 हजार कोटी रुपयांवर खर्चाचे हे काम तारापूर-चिंचणीच्या उत्तरेस चालायचे, त्याला महामार्गाशी जोडणारा सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता व्हायचा. बंदर हवे की नको, यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे म्हणणे प्रसिद्ध आहे आणि ते स्वतंत्र चर्चेचे आहे. पण भरावाचा दगड वाहणारे डंपर याच तालुक्यांतल्या रस्त्यांनी धावणार, हे उघड आहे. एवढ्या खर्चाच्या अंदाजपत्रकात शाळांच्या वाटांवर चार-दोन किलोमीटरची सायकलकड आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तासभर डंपरबंदी यांना जागा नसेल, तर तो पैशाचा प्रश्न म्हणता येणार नाही.

अपघात झालाच, तर काय करावे हेही घरोघरी माहीत असावे. 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस मिळतात. 2025 च्या योजनेप्रमाणे रस्ता-अपघातातील जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार आगाऊ पैसे न भरता व्हावयाचे असतात. मदत करणाऱ्याला पोलिसांनी साक्षीला अडकवू नये असे संरक्षण कायद्याने दिले आहे. आणि ठोकर मारून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर इजेबद्दल पन्नास हजार रुपयांच्या भरपाईचा अर्ज करता येतो. शिरस्त्राणाची सक्ती सायकलस्वाराला नाही, तरीही ते भुवयांच्या वर दोन बोटे, हनुवटीखाली पट्टा आवळून घातले, तर मस्तकाची गंभीर इजा टळण्याचा संभव पुष्कळच वाढतो.

दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, मुरबे या गावांतल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या शाळेच्या वाटेवरचे मोडके, अरुंद आणि आंधळ्या वळणाचे ठिकाण एकेक नाव घेऊन नोंदवा. शाळेसमोर ठरल्या मापाचा गतिरोधक, साइडपट्टीची भर, उभ्या मालमोटारींना मनाई आणि सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत अवजड वाहनांना बंदी, असा ठराव लिहून घ्या. त्याच्या प्रती सार्वजनिक बांधकाम विभाग, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांच्या कचेऱ्यांत रुजू करा आणि पोचपावती घ्या. उत्तर आले नाही तर पुढल्या, 1 मेच्या सभेत तोच ठराव पुन्हा मांडा.